उल्काताईंची मुलाखत

१९९३च्या मार्चमध्ये लंडनजवळच्या वॉटफर्डच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅमरची जागा निघाली. मुलाखत घ्यायला दोघं होते, मॅनेजर डेरेक आणि टीम लीडर सुप्रभा. अर्ज चाळताना चौथ्या नावाशी सुप्रभाचा हात थांबला. उल्का दिघे.

नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन सुप्रभा कार्डिफला आली, पहिली नोकरी लागली, तेव्हा उल्काताई तिच्या शेजारच्या टेबलाशी बसायच्या. सुप्रभा पुण्यात प्रोग्रॅमिंग पुस्तकातून शिकली होती; खरं काम उल्काताईंनी शिकवलं. एकदा तिच्या चुकीमुळे हजारो लोकांना चुकीच्या नावाने पत्रं गेली. ती टॉयलेटमध्ये दार लावून रडत बसली होती.

"बाहेर ये," उल्काताई दाराबाहेरून म्हणाल्या. "प्रोग्रॅम दुरुस्त केलाय मी. तोंड धू आणि चहा घे."

चूक कुणाची होती, हे त्यांनी साहेबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढे मुलगा झाला आणि त्यांनी नोकरी सोडली. सुप्रभा वॉटफर्डजवळ हॅरोला राहायला आली. काही वर्षं ख्रिसमस कार्डं गेली-आली, मग तीही थांबली.

उमेदवार ओळखीचा असेल तर आधी सांगायचं, असा कंपनीचा नियम होता. सुप्रभा सांगणारही होती. पण मग डेरेक विचारणार, ओळख कुठली? आणि कार्डिफचं सगळं निघणार. या ऑफिसात सुप्रभा म्हणजे कधी न चुकणारी बाई होती. ती गप्प राहिली.

उल्काताई आत आल्या. केस बरेच पांढरे झाले होते. सुप्रभाला पाहून त्यांचा चेहरा उजळला, ओठ उघडले. सुप्रभाने हात पुढे केला आणि इंग्रजीत म्हणाली, "तुम्हाला भेटून आनंद झाला, मिसेस दिघे."

उल्काताई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनीही तेवढंच म्हटलं आणि खुर्चीत बसल्या.

"सात वर्षं काय करत होतात?" डेरेकने विचारलं.

"मुलगा वाढवला. गेली दोन वर्षं ईव्हनिंग क्लासला जाऊन प्रोग्रॅमिंगची नवीन लँग्वेज शिकले."

डेरेकने त्यांच्यापुढे एक छापील प्रोग्रॅम ठेवला. त्यात मुद्दाम तीन चुका घातल्या होत्या. कागद सुप्रभानेच तयार केला होता. उल्काताईंनी पाच मिनिटांत तिन्ही दाखवल्या. मग पेन्सिल एका ओळीवर ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "आणि फाइल रिकामी आली, तर हा प्रोग्रॅम इथेच फिरत राहील, थांबणारच नाही."

ही चौथी चूक मुद्दाम घातलेली नव्हती. डेरेकने भुवया उंचावून सुप्रभाकडे पाहिलं. तिचे कान तापले.

उल्काताई गेल्यावर डेरेक म्हणाला, "मला आवडली ही बाई. पण काम तुझ्याबरोबर करायचंय. तू बोल."

"हुशार आहे," सुप्रभा म्हणाली. "पण सात वर्षांची गॅप आहे. आपली टीम तरुण आहे. तिला जड जाईल."

एवढंच. नकाराच्या पत्रावर सही तिचीच होती.

नंतर तिने दोनदा फोन उचलला आणि ठेवला. भेटलं की सांगू, असं म्हणत तीन वर्षं गेली. एका शनिवारी ती मुलीला घेऊन वॉटफर्डच्या लायब्ररीत गेली. काउंटरवर उल्काताई होत्या, पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत.

"अगं, सुप्रभा! ही तुझी लेक का?"

मुलगी पुस्तकांच्या कपाटांकडे पळाली. सुप्रभाला राहवलं नाही. "उल्काताई, त्या दिवशी तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. मी नको म्हटलं."

"माहीत आहे मला. डेरेकने फोन केला होता. म्हणाला, माझ्या सहकारी बाईंना तुमच्या गॅपची काळजी वाटते."

"आणि तुम्ही त्याला आपल्या ओळखीचं काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलणार? नियम असेल, म्हणून ओळख दाखवत नाहीस, असं वाटलं मला. इंटरव्ह्यू झाल्यावर खाली रिसेप्शनला अर्धा तास बसले होते मी. वाटलं, आता येशील." उल्काताईंचा शिक्का हातातच राहिला. "नोकरीचं दुःख गेलं गं लवकर. त्या अर्ध्या तासाचं नाही गेलं."

सुप्रभाला त्यांच्याकडे बघवेना. "मला तुमची भीती वाटली," ती म्हणाली. "माझ्या चुका तुम्हाला माहीत होत्या."

"मी सांगितल्या असत्या, असं वाटलं तुला?"

 सुप्रभा घाईघाईने म्हणाली, "आता परत जागा आहेत आमच्याकडे. सन दोन हजार उजाडलं की जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा चुकणार, त्या कामासाठी जुनी माणसं हवीत. मी डेरेकला सगळं खरं सांगते. तुम्ही याल का?"

उल्काताईंनी नकारार्थी मान हलवली. "तेव्हा हौस होती. रोज टेबलाशी बसून अभ्यास करायचे. तुमचं पत्र आलं आणि पुस्तकं माळ्यावर टाकली. आता ते सगळं पुन्हा उकरायला नको वाटतं."

सुप्रभाने तरीही सोमवारी डेरेकला सगळं सांगितलं, अगदी कार्डिफच्या पत्रांसकट. तो फक्त एवढंच म्हणाला, "तेव्हा सांगायचं होतंस." तिने उल्काताईंना अर्जाचा फॉर्म पोस्टाने पाठवला, सोबत माफीची चार ओळींची मराठी चिठ्ठी. महिनाभर वाट पाहून त्यांच्यासाठी ठेवलेली जागा दुसऱ्याला दिली. उल्काताईंचं उत्तर आलं नाही, आणि ते का यायला हवं होतं, हेही सुप्रभाला सांगता आलं नसतं.