पंगतीतून उठवलेलं नाव

मी कुर्मा बोलतोय. वाटीतला पदार्थ नव्हे हं, त्याचं नाव.

माझा जन्म तुर्की बोलणाऱ्यांच्या चुलीपाशी झाला. तिकडे मला कवुर्मा म्हणत. मांस चरबीत परतून हिवाळ्यासाठी ठेवायचे, त्या परतण्यावरून पडलेलं हे नाव. फारसीत शिरलो तेव्हा अक्षरं थोडी झिजली. तिथून हिंदुस्थानात आलो, तर इथल्या सुगरणींनी मला दही दिलं, बदाम दिले. दक्षिणेत ओलं खोबरं आणि खसखस मिळाली. मांसाच्या जागी बटाटे-मटारही आले. नाव मात्र कुणी काढून घेतलं नाही. परक्याला इतकं घरचं करून घेणारी ही माणसं, त्यांचं मला भारी कौतुक! बंगळुरात तर मी पुरीशेजारी ऐसपैस बसलो. जयनगरच्या हॉटेलांत सकाळपासून माझाच पुकारा.

आणि परवा बंगळुराजवळच्या आनेकलला, वीणाच्या साखरपुड्यात, माझ्यावर बाका प्रसंग आला. वीणाची आजी गंगव्वा निपाणीकडची, कडक शाकाहारी. शेजारच्या श्रीकांत इंजिनिअरांनी आदल्या दिवशी हौसेनं माझी कुळकथा सांगितली. मांस म्हणताच गंगव्वांनी कानांवर हात ठेवले.

"जिन्नस करा. पण त्ये नाव माझ्या नातीच्या पंगतीत नगं."

"आज्जी, नावानं काय होतंय?" वीणा म्हणाली.

"होतंय!"

मला धसकाच बसला. लोकांनी उच्चारायचं सोडलं की शब्द मेला. आज या पंगतीतून उठवलं, उद्या वीणाच्या नव्या घरातूनही जाईन.

पंगत बसली. वीणाचा भाऊ दयानंद माझी बादली घेऊन "भाजी, भाजी" म्हणत वाढत गेला. मागून त्याचा मित्र सुरज वांग्याची बादली घेऊन आला, तोही "भाजी, भाजी" म्हणत. गंगव्वांनी वाटी पुरीनं पुसून खाल्ली.

"भाजी वाढ रं."

सुरजनं वांगं वाढलं.

"ही न्हवं. ती खोबऱ्याची."

सुरज धावत जाऊन चटणी घेऊन आला. गंगव्वांच्या हातातली पुरी गार होत चालली होती.

"अरं, कुर्मा!" गंगव्वा ओरडल्या. "स्वल्प कुर्मा वाढ की!"

सगळी पंगत हसली. गंगव्वा आधी लाजल्या, मग त्याही हसल्या. वीणानं स्वतः येऊन त्यांची वाटी भरली.

शाही दस्तरखानावर माझं नाव घेतलेलं मी ऐकलंय, पण इतका सुखावलो नव्हतो. तुम्हीही मला अशीच हाक मारत जा. पुरी गार व्हायच्या आत येईन.