बांबूचा बूस्टर

बांबूला तुम्ही मारलंत. हात गल्लीचे होते, लोखंड त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाच्या मुठीत होतं, हे कोणी नाकारत नाही. पण टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीत तुम्ही ज्या दुपारी एक आकडा बदललात, त्या दुपारी खाली माणसं राहतात हे तुमच्या ध्यानीमनीही नव्हतं. तुमच्यासाठी तो आकडा होता. गल्लीत त्याचं मढं झालं. आता सगळी हकिकत ऐका. अर्धं ऐकून फाईल मिटायची तुमची सवय जुनी आहे.

वस्ती खोलगट जागेत वसलेली. टीव्हीचा मोठा टॉवर टेकडीपलीकडे, आणि त्याच्या लहरी वस्तीच्या डोक्यावरून अशा निघून जायच्या, जशी श्रीमंत नातेवाइकाची नजर गरिबाच्या डोक्यावरून जाते. म्हणून तुम्ही टेकडीच्या माथ्यावर एक छोटा टॉवर उभा केलात. तो मोठ्याचं ऐकतो आणि तेच खाली पुन्हा बोलतो. लोकांनी त्याचं नाव ठेवलं पिल्लू. पिल्लू सगळंच बोलत नाही. मोठ्याकडे चॅनेलांचा बाजार भरलेला, पिल्लूच्या चोचीत मावतील तेवढीच इथं उतरतात. त्यातही त्याचा सिग्नल उभ्या काड्यांनी पकडावा लागतो, त्यामुळे गल्लीतला एकूण एक अँटिना कुशीवर वळवलेला. बाहेरचा कोणी आला की वर बघून विचारायचा, वादळ झालं का हो इथं?

थोरल्याचं टायरचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. घर मागेच, खाली तो आणि त्याची बायको थोरली, वर धाकटा भाऊ आणि त्याची बायको धाकटी. धाकटा अंगानं काटक आणि उंचीला ताडमाड, म्हणून बांबू. आईबाप लवकर गेले. थोरल्यानं त्याला भरवून आणि बडवून मोठं केलं, आणि दोन्हींत हात आखडता घेतला नाही. चुली वेगळ्या झाल्या तरी जिना एकच होता, आणि जिन्यात भेटले की दोघं एकमेकांना शिव्या देऊनच खुशाली विचारायचे.

थोरल्याला गल्लीत मान होता तो एका मोटारीमुळे. एका उन्हाळ्यात गवंड्यानं सामाईक नळाला चोरून मोटार लावली. त्याची टाकी भरून वाहायची आणि बाकीच्यांचे नळ नुसते फुसफुसायचे. थोरला टायर काढायची लोखंडी लिव्हर घेऊन गेला, मोटारीचा चेंदामेंदा केला, गवंड्याच्या दोन कानाखाली दिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाला, एका पायपावर जगायचं असेल तर कोणी जास्त ओढायचं नाही. तेव्हापासून गल्लीत तंटा झाला की लोक थोरल्याच्या दुकानापुढे येऊन उभे राहत.

आता त्या दुपारकडे या. न्हाव्याची पोरगी मुष्टियुद्धाच्या अंतिम फेरीत पोचली होती. गल्लीतलं माणूस टीव्हीवर दिसण्याची ही पहिलीच वेळ. न्हाव्यानं दुकान बंद ठेवून टीव्ही बाहेर मांडला, दाढीच्या खुर्च्या रस्त्यात आणल्या, आणि पांगळ्या झालेल्या आपल्या म्हातारीला उचलून सगळ्यांत पुढच्या खुर्चीत बसवलं. नातीला बघायचं म्हणून म्हातारीनं सकाळपासून चष्मा पुसून पुसून झिजवला होता.

बांबूचं चित्र आधीपासूनच चौकोन चौकोन होऊन फुटायचं. त्यानं त्याच दुपारी अँटिनाच्या दांड्यावर बूस्टर बसवला. कडक बिस्किटाच्या पुड्याएवढी डबी, कमजोर सिग्नलला जोर देणारी. बसवून झाल्यावर खाली आला आणि टीव्हीला सगळी चॅनेलं नव्यानं शोधायला लावली. चित्र असं लख्ख आलं, की बांबूनं धाकटीला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवलं.

आणि नेमकं त्याच सुमाराला गल्लीतले बाकीचे सगळे टीव्ही काळे पडले. पडद्यावर दोनच शब्द, सिग्नल नाही.

गल्लीची एक रीत होती. चित्र गेलं की घरटी एक माणूस गच्चीवर, एक खाली. वरचा अँटिना फिरवायचा आणि ओरडायचा, आलं का? खालचा म्हणायचा, गेलं! एरवी या ओरडाआरड्यात थट्टाही चालायची. कोणी म्हणायचं, तुझी बायको आली, चित्र नाही आलं. त्या दिवशी सगळ्या गच्च्यांवरून एकच प्रश्न आणि खालून एकच उत्तर. टीव्हीच्या मेनूत कोणी हात घातला नाही. मेनूत बोट लावलंत तर होतं नव्हतं ते पुसलं जाईल, असा दम दुकानदारानं विकतानाच सगळ्यांना भरला होता.

तेवढ्यात बांबूच्या खिडकीतून समालोचकाचा आवाज आला. सगळ्यांच्या माना वळल्या.

बांबू सज्जात आला. तोंडाळ माणूस, जिभेला हाड नाही. खालची काळी पडलेली तोंडं बघून त्याला हसूच फुटलं. माझ्या डबीची कमाल बघा म्हणाला, पिल्लूचं सगळं दूध एकट्यानं ओढलं मी. मग म्हणाला, या वर सगळे, माझ्याकडे बघा, तिकीट काढून या. तो थट्टा करत होता. वर जागा होती, चहा टाकायला त्यानं धाकटीला सांगितलंही होतं. पण ज्याची पोरगी पडद्यावर यायची, त्याला ती थट्टा काळजात रुतली.

"म्हातारीला कोणत्या जिन्यानं आणू रे?" न्हाव्यानं विचारलं. "डबी काढ. मोटार लावून बसलायस तू."

"पोरगी तुझी असेल, पडदा माझा आहे," बांबू वरून म्हणाला आणि आत गेला.

मोटार. न्हाव्यानं तो शब्द उच्चारला आणि सगळ्यांना सगळं कळल्यासारखं झालं. सिग्नल म्हणजे नळाचं पाणी, बूस्टर म्हणजे पंप. एकानं ओढलं की दुसऱ्याचा कोरडा. हवेतून येणारी गोष्ट अशी ओढता येत नाही, एकानं घेतली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही, हे सांगणारं तिथं कोणी नव्हतं. बरं, बांबूनं स्वतःच्या तोंडानं कबुली दिली होती. त्यालाही तसंच वाटत होतं, हे विसरू नका.

माणसं थोरल्याच्या दुकानापुढे जमली. थोरला म्हणाला, थांबा, मी बोलतो त्याच्याशी. गवंडी पुढे आला. इतकी वर्षं त्यानं तो मार पोटात साठवून ठेवला होता. माझ्या मोटारीशी बोलला होतास का तू, असं त्यानं विचारलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "परक्याच्या गालावर हात चांगला चालतो. भावाची पाळी आली की हाताला लकवा."

थोरल्यानं भिंतीवरची लिव्हर काढली.

तो एकटाच जिना चढला असता तर कदाचित शिव्यांवरच भागलं असतं. पण मागे न्हावी होता, गवंडी होता, आणखी दहाबारा जण होते. गच्चीच्या दाराला बांबूनं पलीकडून कडी लावून घेतली होती. पोरीची लढत होईपर्यंत अँटिनाला कोणी हात लावू नये म्हणून तो स्वतः दांड्याशी जाऊन बसला होता. थोरल्यानं हाक मारली. बांबू दारापलीकडून म्हणाला, दादा, तू खाली जा, तुझं काम नाही. ते ऐकून मागचे हसले. थोरल्यानं लिव्हर दाराच्या फटीत घातली आणि कडी उखडली.

गच्चीच्या मागच्या बाजूला कठडा नव्हता. दांडा तिथंच कोपऱ्यात, भिंतीला पट्टीनं आवळलेला. बांबूनं त्याला मिठी मारली होती.

"बाजूला हो," थोरला म्हणाला.

"नाही होत. लहानपणी मारलंस ते मारलंस. आता हात लावून दाखव."

थोरल्यानं डबीवर वार केला. बांबूनं मध्ये हात घातला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सुकी काटकी मोडावी तसा. बांबूनं दुसऱ्या हातानं, बूस्टर बसवताना तिथंच राहिलेला पाना उचलला आणि थोरल्याच्या भुवईवर हाणला. कातडं फाटलं, रक्त डोळ्यात गेलं. थोरल्याला अर्धंच दिसत होतं आणि अर्ध्या दिसण्यात त्यानं पुन्हा लिव्हर चालवली. ती बांबूच्या खांद्यात बसली. मग न्हावी धावला, त्यानं बांबूचे केस धरले आणि डोकं दांड्यावर आपटलं, पुन्हा आपटलं. गवंड्यानं त्याच्या पोटात लाथ घातली. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, आलं का? त्या भानगडीतही इथून एकानं सवयीनं उत्तर दिलं, थांब!

बांबू दांडा सोडेना. चौघांनी दांडा धरला आणि हलवून हलवून भिंतीतून उपटायला लागले. दात उपटावा तसा. थोरला म्हणाला, अरे पडेल तो, सोडा. त्याचं हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं, कोणी मनावर घेतलं नाही. त्याच्या हातातली लिव्हर अजून वर होती, मग त्याच्या तोंडाचं कोण ऐकणार? पट्टी सुटली. दांडा मागे कलला, बांबूसकट. त्याचा एक पाय क्षणभर गच्चीच्या कडेला होता. थोरल्यानं लिव्हर टाकली आणि हात पुढे केला, आणि त्याच्या हातात बांबूच्या सदऱ्याचा खिसा आला. नुसता खिसा.

खाली मागच्या अंगणात कपडे धुवायचा दगड होता.

धाकटी जिन्यानं धावत गेली, थोरली तिच्यामागे. थोरला पोचला तेव्हा बांबूच्या कानातून रक्त येत होतं आणि डोळे उघडेच होते. त्याच्या अंगाखाली वाकलेला अँटिना, उभ्या काड्या आता खरोखर आडव्या झालेल्या. धाकटीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं नाही, छाती पिटली नाही. ती थोरल्याकडे बघत राहिली.

गल्लीच्या बाजूला मात्र न्हावी धापा टाकत टीव्हीपुढे पोचला होता. डबी फुटली होती, दांडा उपटला होता. पडदा काळाच. सिग्नल नाही. म्हातारी विचारत होती, आली का रे माझी पोर? त्यानं टीव्हीवर हात मारला. तोच रक्ताचा हात. पडद्यावर पाच बोटं उमटली. घराघरातून तेच उत्तर यायला लागलं. नाही. आमच्याकडेही नाही.

तेव्हा थोरली धाकटीला हलवून विचारायला लागली, अगं त्यानं केलं तरी काय होतं, डबी लावून आणखी काय केलं?

"काही नाही केलं, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "चॅनेलं नव्यानं शोधायला लावली. बटण दाबलं नुसतं."

थोरली घरात गेली. रिमोट घेतला, मेनूत शिरली, जे पुसायचं ते पुसू दे म्हणत शोध लावला. पडद्यावर एक पट्टी सरकत गेली आणि मग रिंगण दिसलं. न्हाव्याची पोरगी. ओठ फुटलेला, पंच तिचा हात धरून वर उचलतोय. थोरल्याच्या घरचा अँटिना होता तिथंच होता. बूस्टरचा आणि त्याचा काडीचा संबंध नव्हता. पिल्लूनं हवेतली आपली जागा बदलली होती, म्हणजे ज्या आकड्यावर ते बोलायचं तो आकडा. गल्लीतले टीव्ही जुन्या आकड्यावर कान लावून बसले होते, बांबूच्या टीव्हीनं नवा शोधून काढला होता.

थोरल्यानं ते दारातून पाहिलं. मग अंगणात येऊन बांबूचे डोळे मिटले, धाकटीच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. तिनं पाय मागे घेतले. तो उठला, गच्चीवर जाऊन लिव्हर आणली आणि टेकडीची वाट धरली. त्याला अडवायची कोणाची छाती झाली नाही.

सूर्य अजून मावळला नव्हता. पिल्लूच्या कुंपणाचं फाटक उघडं होतं आणि तुमचा तंत्रज्ञ शिडी गाडीवर बांधत होता. काम उरकलं होतं त्याचं. रक्तानं माखलेला माणूस बघून तो खोलीत पळाला. थोरल्यानं दार लाथेनं उघडलं, लिव्हर यंत्राच्या कपाटावर घातली, पत्रा चेपला, पुन्हा घातली, काच फुटली. तंत्रज्ञ मध्ये पडला तेव्हा थोरल्यानं त्याला गळ्याला धरून भिंतीवर दाबला. तंत्रज्ञाच्या नाकातून रक्त यायला लागलं. घुसमटत तो सांगत होता की आपण हुकमाचे ताबेदार, आकडा वरून येतो, इथं नुसता बदलायचा असतो.

"मग वरच्याला लाव," थोरला म्हणाला.

तंत्रज्ञानं फोन लावला आणि थोरल्याच्या कानाला धरला. पलीकडे तुमचा साहेब होता. आवाज शांत, घसा साफ. थोरल्यानं विचारलं, आज पिल्लूचा आकडा बदलणार, हे खाली कोणाला सांगितलं होतं? साहेब म्हणाला, सूचना रीतसर दिली होती, महिनाभर पडद्याच्या तळाला पट्टी फिरत होती, टीव्ही पुन्हा शोधावर लावा म्हणून. थोरल्यानं विचारलं, कोणत्या चॅनेलवर? साहेबानं चॅनेलचं नाव सांगितलं.

तंत्रज्ञानं मान खाली घातली. थोरल्यानं त्याचा गळा सोडला. "हे चॅनेल पिल्लूवर लागतं का?" त्यानं त्याला विचारलं.

"नाही," तंत्रज्ञ म्हणाला. "ते मोठ्यावरच. इथं कधीच नव्हतं."

थोरल्यानं लिव्हर खाली ठेवली. फोन दोन्ही हातांनी धरला. खालून गल्लीतले आवाज येत होते. पोलिसांची गाडी आली असावी.

"साहेब," तो म्हणाला, "भावाला मी मारला. ते मी पोलिसांना सांगतो, तुम्ही मध्ये पडू नका. मला एवढंच सांगा. जे आमच्याकडे दिसत नाही, त्यावर आमच्यासाठी लिहिलंत, तर ते वाचायचं कोणी होतं? माणसाचं नाव सांगा. एक नाव. मी फोन ठेवत नाही. बोला."