खुणेच्या पुढं नको

मी बोलतोय तो एका जुन्या ट्रकचा स्टिअरिंग बॉक्स. बॉक्स म्हटल्यावर जेवणाचा डबा डोळ्यांसमोर आणू नका. नारळाहून थोडा मोठा बिडाचा गोळा, पोटात तेल आणि एकमेकांत अडकलेले दाते, एवढाच माझा संसार. ड्रायव्हर वर चक्र फिरवतो, खाली चाकं वळवतो तो मी. कौतुक मात्र चक्राचं होतं. त्याला रंगीत गोंडे, मला चिखल.

माझे मालक मकबूलभाई. मार्केट यार्डात कांदा-बटाटा भरायचा आणि घाट उतरून कोकणात पोचवायचा, हे त्यांनी अठरा वर्षं केलं. निघताना चक्राला हात लावून तो कपाळाला लावत. एकदा दगडावर आपटून माझी बोल्ट बसवायची एक बाजू तुटली, ती त्यांनी पितळेनं जोडून घेतली. पुढं दातेही झिजले. चक्र चार बोटं फिरवावं तेव्हा कुठं चाकं हलायची. याला ‘प्ले’ म्हणतात. तो कमी करायला माझ्या डोक्यावर एक स्क्रू आहे, पण तो फार आवळला तर मी सरळ रस्त्यावर शहाण्यासारखा वागतो आणि वळणावर अडकून बसतो. घाटात असली थेरं चालत नाहीत. म्हणून मकबूलभाईंनी स्क्रूशेजारी कानशीनं एक खूण केली आणि मिस्त्रीला बजावलं, "ह्या खुणेच्या पुढं नको."

त्यांना एकच मुलगी, नाजिमा. शाळेच्या सुट्टीत केबिनमध्ये बसून यार्डात यायची. (बापलेक आपसात हिंदीत बोलत. मी पडलो मार्केट यार्डात मुरलेलं लोखंड, मला कळलं तसं सांगतोय.) दर सुट्टीत तिचं एकच मागणं असे, "अब्बा, एकदा मला चालवू द्या ना."

"मुलींचं काम नाही ते."

सोळाव्या वर्षी गाडी रिकामी उभी असताना ती चक्राशी जाऊन बसली. मकबूलभाईंनी सगळ्या हमालांदेखत तिला हात धरून ओढलं. हमाल हसले. ती खाली उतरली, ती त्या केबिनमध्ये पुन्हा चढली नाही.

त्याच आठवड्यात घाट उतरताना मकबूलभाई एकटेच पुटपुटले, "द्यायला हवं होतं पोरीला." ते ऐकलं फक्त मी. आणि माझं बोलणं कोण ऐकणार?

पुढं ट्रकचं वय झालं. गाडी मोडीत निघाली, इंजिन एकीकडे गेलं, मी दुसरीकडे. कितीतरी वर्षं जुन्या बाजारात पडून होतो. विकणारा मला "मिलिटरीच्या जीपचा अस्सल माल" म्हणून खपवू पाहायचा. घेत कुणी नसे.

मागच्या वर्षी एक बाई माझ्यासमोर उकिडवी बसली. तिनं माझा दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत फिरवला, भोकांमधलं अंतर मापलं, अर्धवट पुसलेला नंबर रॉकेलच्या फडक्यानं घासून वाचला.

"काका, पावणेसहा फेरे होतायत, जीपला इतके नसतात. हा ट्रकचा आहे."

"मग जीपचा ट्रक असेल," तो म्हणाला.

ती हसली आणि मी तिला ओळखलं. नाजिमा! हिंजवडीत इंजिनिअर झालेली, कानशिलावर पांढऱ्या बटा आलेल्या. पितळेचा सांधा तिनं बोटानं चाचपलाही, पण तिला काय माहीत? तिला गाडीखाली कुणी कधी जाऊ दिलं होतं?

ती एक हॉट रॉड बनवत होती. म्हणजे जुनी गाडी कापून, ठोकून, मोठं इंजिन घालून नव्यानं उभं केलेलं भन्नाट ध्यान. त्यासाठीच तिनं मला विकत घेतलं. जागा हडपसरची, मच्छिंद्र मिस्त्रींच्या गॅरेजमागची. रविवारी ती मकबूलभाईंनाही सोबत आणायची, कारण त्यांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं. त्यांची आठवण गेली होती. खुर्चीत बसून ते चहा पीत, आल्यागेल्याशी अदबीनं बोलत. नाजिमाशीही तसंच. तिला मात्र वेडी आशा होती, की गाड्यांच्या आवाजात कधीतरी अब्बांना आपण आठवू.

मला चेसिसवर बसवलं त्या दिवशी मच्छिंद्रनं पाना उचलला. "प्ले लई हाय, मॅडम. आवळून टाकतो."

स्क्रू फिरला. एक पीळ, अर्धा पीळ. आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पुढं नको!"

मकबूलभाई उठून आले होते. त्यांचं बोट माझ्या डोक्यावर फिरलं आणि नख नेमकं त्या खुणेत जाऊन बसलं. मग पितळेच्या सांध्यावर हात ठेवून ते लहान मुलासारखे हसले. "हा माझा आहे. ही खूण मीच केलीय."

नाजिमाच्या हातातलं फडकं गळून पडलं. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "अब्बा, आणि मी? मी कोण?"

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मीही जीव मुठीत धरून होतो.

"आपण इथल्या मिस्त्री ना?" ते म्हणाले. "बरं झालं भेटलात. माझी एक मुलगी आहे, नाजिमा. तिला गाडी चालवायची होती. मी दिली नाही, चुकलं माझं. ती आली तर आपण शिकवाल तिला?"

मच्छिंद्रनं तोंड फिरवलं. नाजिमानं खाली पडलेलं फडकं उचललं. मग म्हणाली, "शिकवीन, चाचा."

बापाला चाचा म्हणताना तिला काय झालं असेल, ते मला विचारू नका. जी माफी एवढी वर्षं माझ्यापाशी अडकून होती, ती शेवटी तिला मिळाली, पण परकी म्हणून. आणि ओळख पटली ती माझी, एका भंगाराची! मला त्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली.

गाडी आता चालते. पासिंगचं काय ते आरटीओ जाणे, आम्ही मागच्या मोकळ्या प्लॉटवरच फिरतो. स्क्रू खुणेवर आहे. नाजिमा चालवते, मकबूलभाई शेजारी बसतात आणि निघण्याआधी तिच्याकडून चक्राला हात लावून घेतात.

तुमच्या घरात कुणी काही मागत असेल आणि देण्यासारखं असेल, तर ओळख शाबूत आहे तोवर देऊन टाका. माझ्यासारख्या लोखंडाला सांगून ठेवू नका.

काल फेरी संपल्यावर मकबूलभाई म्हणाले, "हात छान आहे आपला. नाजिमा आली नाही का अजून?"

"येईल, चाचा," ती म्हणाली आणि चक्र सरळ केलं.