नवव्या दिवसाची बुटकी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी खुर्ची आहे. ज्यू लोकांच्या एका प्रार्थनाघरात, पुस्तकांच्या कपाटामागे मी वर्षभर पडून असते. धूळ बसते, कोळी जाळे विणतो, कुणी ढुंकूनही पाहत नाही. वर्षातून एकाच दिवशी मला बाहेर काढतात. तो दिवस म्हणजे त्यांच्या पंचांगातल्या आव महिन्याचा नववा.

जन्मतः मी बुटकी नव्हते. एका सुताराने मला आपल्या बायकोसाठी घडवले. चांगले उंच पाय, रुंद हात आणि वेताची बैठक. त्या माउलीने माझ्यात बसून दोन मुली वाढवल्या. एकीची वेणी होईपर्यंत दुसरी माझ्या हातावर घोडा घोडा करायची. "अगं, खुर्ची आहे ती, तुझा मामा नाही," असे आई म्हणायची. थोरली पुढे शिवणकाम शिकली, धाकटी दवाखान्यात परिचारिका झाली. बाप गेला. आईचे गुडघे गेले, मग नजर गेली, आणि एके दिवशी आईही गेली.

घर आवरताना दोघींनीही मलाच हात घातला.

"ही मी नेणार," थोरली म्हणाली. "शेवटची दोन वर्षं आईला मी सांभाळलं. तू पाहुणीसारखी यायचीस."

"पाहुणी?" धाकटी म्हणाली. "बरं. पाहुणीच म्हण. पण खुर्ची सोडणार नाही."

एकीने इकडून ओढले, दुसरीने तिकडून. माझा एक पाय कडकन मोडला. दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग धाकटीने हात झटकले आणि ती निघून गेली. त्यानंतर सात वर्षे त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत.

थोरलीने मला प्रार्थनाघरात देऊन टाकले. तिथल्या रखवालदाराने मला उलटीसुलटी करून पाहिले. "एक पाय गेला म्हणून हिला चुलीत घालायची का?" असे स्वतःशीच पुटपुटत त्याने माझे उरलेले तीन पायही कापले आणि चारही सारखे केले. अशी मी बुटकी झाले, आणि शोकाच्या दिवसाच्या कामी आले.

त्या दिवसाचे सांगते. फार फार पूर्वी या लोकांचे मोठे मंदिर शत्रूने जाळले. पुन्हा बांधले, तेही पडले. दोन्ही वेळा हाच नववा दिवस होता, असे ते मानतात. म्हणून आदल्या सूर्यास्तापासून ते अन्न आणि पाणी घेत नाहीत, चामड्याचे जोडे घालत नाहीत आणि दुपारपर्यंत जमिनीवर किंवा माझ्यासारख्या बुटक्या आसनावर बसतात. घरात कुणी गेल्यावर बसावे, तसे. आणि त्या दिवशी कुणी कुणाला अभिवादन करीत नाही. 'कशी आहेस?' एवढेही विचारत नाहीत. त्यामुळे त्या दोघी बहिणींचे मौन त्या एका दिवशी चारचौघांत उठून दिसत नसे.

सातव्या वर्षी त्या दिवशी धाकटी माझ्यावर बसली होती. विलापाची गीते वाचून झाली होती. तेवढ्यात थोरली काठी टेकत आली. तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. रखवालदार तिच्यासाठी उंच खुर्ची आणू लागला.

"नको. सगळे खाली असताना मी वर बसायची नाही," ती म्हणाली. पण खालीही तिला बसवेना. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

प्रार्थनाघराचे गुरुजी सांगत होते, "दुसरं मंदिर पडलं तेव्हाची माणसं वाईट नव्हती. शिकणारी होती, दानधर्म करणारी होती. तरी पडलं. का? तर ती एकमेकांचा विनाकारण द्वेष करत होती."

"विनाकारण कुणीच करत नाही," धाकटी पुटपुटली. "प्रत्येकाकडे कारण असतंच."

गुरुजींना ते ऐकू गेले. ते रागावले नाहीत. "असतं ना," ते म्हणाले. "त्यांच्याकडेही असेल. ती कारणं आज कुणाला आठवत नाहीत, बाई. पडलेलं घर तेवढं आठवतं."

धाकटी उठली. तिने मला उचलून भिंतीपाशी थोरलीच्या शेजारी ठेवले आणि स्वतः फरशीवर बसली. थोरलीने वळून पाहिले. मग हळूच, माझे हात चाचपडत, ती माझ्यावर बसली.

दुपार झाली. जमिनीवरून उठायची वेळ आली. सगळे उठले, थोरलीला काही उठता येईना.

"काठी सोड," धाकटी जवळ येऊन म्हणाली. सात वर्षांतले ते पहिले शब्द. "हात माझ्या खांद्यावर टाक. मी तीन म्हटलं की उठायचं."

थोरली उठली. पण खांद्यावरचा हात तिने काढला नाही. "हे कुठं शिकलीस? दवाखान्यात?"

"आईपाशी. रोज दुपारी यायचे मी. तू कामावर असायचीस तेव्हा."

"मला ती कधी बोलली नाही."

"मीच सांगू नको म्हटलं होतं. तुला वाटलं असतं, मी तुझ्या सेवेत खोट काढते."

थोरलीचे ओठ उपासाने सुकले होते. "मी तुला पाहुणी म्हटलं," ती कशीबशी म्हणाली, आणि रडू लागली. तो दिवस रडण्याचाच होता. त्यामुळे कुणी वळूनही पाहिले नाही. धाकटी मात्र तिला धरून उभी राहिली.

संध्याकाळी चांदण्या दिसल्या. उपास सुटला. ओसरीवर थोरलीने पाण्याचा पहिला पेला धाकटीच्या हातात दिला. आता एकमेकांची विचारपूस करायला मोकळीक होती.

"कशी आहेस?" तिने विचारले.

"सात वर्षांचं सांगायचंय. इथं उभ्या उभ्या नाही व्हायचं."

"मग घरी चल."

त्या गेल्या. रखवालदाराने मला पुन्हा कपाटामागे सारले.

मित्रांनो, घरातली जुनी लाकडी वस्तू उन्हापावसात टाकू नका, तिला ओलीत ठेवू नका. हे तर मी सांगणारच. पण कधी एकच वस्तू दोघांनी धरली आणि ओढाताण सुरू झाली, तर आधी तुम्ही हात सोडा. वस्तू तिकडे गेली तर जाऊ द्या. "ये, बस," म्हणणारे कुणीतरी तिकडे असले म्हणजे झाले.