पक्की खुर्ची

सरपंच उदयसिंहांची खुर्ची हलवायची तर नऊपैकी सहा हात लागत होते, आणि विरोधातल्या सयाजीकडे होते चार. उरले स्वतः उदयसिंह, त्यांचा चुलतभाऊ आणि त्यांच्या गटातल्या तीन बाया सदस्य. म्हणजे खुर्ची पक्की. तरी हा ताकही फुंकून पिणारा गडी. अविश्वास ठराव दाखल झाला त्याच दिवशी त्यांनी सहल काढली. चुलतभाऊ आणि तिन्ही बायकांचे नवरे गाडीत घातले, बिरोबाच्या देवळात त्यांना हळदीचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली, आणि आठ दिवस मालवणात मासे खाऊ घातले. बायका गावातच राहिल्या. एरवी बैठकीला नवरेच बसत आणि रजिस्टर सहीला घरी जाई, मग सहलीला तरी बायका कशाला? असला शहाणपणा गडहिंग्लजकडच्या आमच्या मातीतच पिकतो.

ठरावाच्या दिवशी तहसीलदारांनी सदस्य नसलेल्यांना बाहेर जायला सांगितलं. नवरे मुकाट्यानं उठले. उदयसिंह निवांत होते. ठरावाच्या बाजूनं हात मागितल्यावर सयाजीचे चार वर झाले, आणि पाचवा सहलीला नेलेल्या गुंडूच्या बायकोचा, धोंडुबाईचा.

"वैनी, हात खाली घ्या," उदयसिंह समजुतीनं म्हणाले. "ह्यो त्यांचा ठराव हाय."

"म्हाईत हाय की."

तेवढ्यात तिच्या शेजारच्या बनाबाईचाही हात वर गेला. सहा झाले. उदयसिंह ताडकन उठले.

"अवो, गुंडूनं भंडारा उचललाय!"

"मग त्यास्नीच हात वर करायला लावा की," धोंडुबाई म्हणाली.

"काय दिलं सयाजीनं तुमास्नी?"

"काय न्हाय. दारात आला आन् मला इचारलं. तीन वर्सांत तुमी कवा इचारलं?"

उदयसिंहांना राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. धोंडुबाईच्या हातचा चहा त्यांनी शंभरदा प्यायला असेल, पण दर खेपेला बोलले होते ते गुंडूशी.

ते बाहेर आले तेव्हा गुलाल उडत होता. सयाजीनं गुंडूला मिठी मारली आणि स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधायला घेतला. "गुंडूभाऊ, तुमच्यामुळं जमलं बगा!" गुंडूनं एकदा उदयसिंहांकडे पाहिलं, मग मान खाली घालून फेटा बांधून घेतला.

धोंडुबाई दारात उभी होती.

"ओ वैनी, जरा बाजूला व्हा," सयाजी म्हणाला. "फोटो काढायचाय."