सोफ्याखालचा ठोकळा

मित्रांनो, जमिनीवर उभ्या हेलिकॉप्टरचं चाक जो अडवून धरतो, तो लाकडी ठोकळा मी. आता जुना झालो आहे. माझा पिवळा रंग पोपडे धरून उडाला आहे आणि माथ्याचा एक कोपरा खोल दबला आहे. तो कोपरा नीट बघून ठेवा. माझा सगळा राग तिथे साठला आहे.

सुताराने मला कापलं, तेव्हा त्याच लाकडातून माझा जुळा भाऊही कापला. एकाने चाकाच्या पुढे बसायचं, एकाने मागे. आम्हा दोघांना एका दोरीने बांधलं आणि मिस्त्रीमामांच्या हवाली केलं. मिस्त्रीमामा म्हणजे आमच्या हवाई तुकडीतले जुने मेकॅनिक. वैमानिकसुद्धा त्यांना मामाच म्हणत. मामांनी आमच्या हेलिकॉप्टरचा क्रमांक लाल रंगात माझ्या पोटावर काढला आणि म्हणाले, "बाळांनो, तुमचा धर्म एकच. सरकायचं नाही."

तो धर्म मी पाळला. ऊन सोसलं, तेलाचे ओघळ अंगावर घेतले, पण सरकलो नाही. वैमानिक खाली उतरला की आधी वाकून आम्हाला बघायचा, मगच घामेजलेलं हेल्मेट काढायचा. त्याहून मोठा मान मला कधी हवासा वाटला नाही.

मग तुकडीला समुद्रापलीकडे जायचा हुकूम आला. सामान कंटेनरमध्ये भरायचं काम एका साहेबांकडे होतं. दारावर मोठ्या अक्षरांत त्यांनीच रंगवून घेतलं होतं, 'उतरल्यावर आधी लागेल ते शेवटी भरा.' किती शहाणं वाक्य! आणि मग साहेबांचीच कपाटं आली, त्यांचा फ्रिज आला. बाकीचे सगळे ठोकळे त्यांच्याखाली गाडले गेले. आमची जोडी मात्र मामांनी हट्टाने दाराशी ठेवली.

मामांची पाठ फिरली आणि शेवटी कोण आला? साहेबांचा सोफा!

"अरे, हा डुगडुगतोय. घाला काहीतरी खाली," साहेब म्हणाले. हमालांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आमची दोरी सोडून एकेका पायाखाली एकेकाला सारलं. सगळा समुद्र आम्ही सोफा डोक्यावर घेऊन ओलांडला. माझ्या माथ्याचा हा कोपरा तेव्हाच दबला.

परक्या मुलखात कंटेनर उघडला, तेव्हा पहिला सोफा निघाला. साहेबांच्या खोलीतली फरशी वरखाली होती, म्हणून सोफ्यासोबत आम्हीही तिथेच गेलो. पुन्हा पायाखाली. तेवढ्यात आमचं हेलिकॉप्टर आलं आणि बाहेर उतारावर उभं राहिलं.

मामा धापा टाकत दारात आले. "साहेब, माझी जोडी दिसली का? दाराशीच ठेवली होती."

"असेल तिथंच कुठंतरी. नसेल तर दगड लावा ना मामा. तासाभराचा तर प्रश्न आहे."

"दगडाचा काय भरवसा, साहेब? दुसरं हेलिकॉप्टर येतंय मागून."

"तुम्ही फार घाबरता बुवा," साहेब म्हणाले आणि सोफ्यावर पाय पसरून बसले.

मी त्यांच्या खालीच होतो, मित्रांनो! मामांचे बूट मला दिसत होते. देवा, एकदा वाचा दे, असं मी विनवलं. पण लाकडाला कुठली वाचा? बूट वळले आणि निघून गेले.

दुसरं हेलिकॉप्टर उतरलं. त्याच्या पात्यांच्या वाऱ्याने आमचं हेलिकॉप्टर हललं, दगड निसटले आणि चाक उतारावरून निघालं. मामा तिथेच वाकून दगड सारखे करत होते. त्यांची किंकाळी मला खोलीत ऐकू आली. त्यांचा उजवा पाय घोट्यापासून गेला.

साहेबांनीही ती किंकाळी ऐकली. ते धावत बाहेर गेले. पण परत आल्यावर त्यांची नजर सोफ्याखाली गेली आणि त्यांनी सोफ्यावरची चादर हळूच खालपर्यंत ओढली. त्या क्षणी मी मनाशी खूणगाठ बांधली. या माणसाला मी सोडणार नाही.

अपघाताची चौकशी करायला एक बाई आल्या. त्यांना खुर्ची दिली. साहेब सोफ्याच्या काठावर बसून गळा काढून सांगू लागले, "ठोकळे मैदानावरच होते हो, बाई. मामांनी लावायचा आळस केला. वय झालं त्यांचं, काय बोलणार!"

पाय तर गेलाच होता. आता नोकरी जाणार होती आणि कामचुकार हा शिक्का जन्मभर राहणार होता.

"बरं," बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. साहेबांना हायसं वाटलं. ते धपकन मागे रेलले.

आणि मी सरकलो.

आयुष्यात पहिल्यांदा, जाणूनबुजून, सगळा जीव लावून सरकलो. सोफा कलंडला, चहाचा कप साहेबांच्या मांडीवर उपडा झाला आणि चादरीखालून घरंगळत मी थेट बाईंच्या चपलेपाशी पोटावरचा लाल क्रमांक दाखवत उताणा पडलो.

बाईंनी मला उचललं. क्रमांक वाचला, दबलेला कोपरा बोटाने चाचपला, मग सोफ्याच्या पायाकडे पाहिलं.

"मैदानावर होता ना हा, साहेब?"

साहेब मांडीवरचा चहा पुसता पुसता थांबले. तो पडलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला. आजही आठवला की माझ्या लाकडाला ऊब येते.

साहेबांची वर्दी उतरली. मामांवरचा डाग पुसला गेला. कुबडी घेऊन ते मला बघायला आले, तेव्हा म्हणाले, "जाऊ दे रे, माफ कर त्यांना. देव आहे बघायला." मामांचं मन मोठं. पण मामा, देवाने बघितलं म्हणूनच तर मी सरकू शकलो! आणि माफीचं म्हणाल, तर तुमचा पाय परत आला की बघू.

आता आमची जोडी हेलिकॉप्टरमधूनच प्रवास करते, वैमानिकाच्या हाताशी. मित्रांनो, जी वस्तू कुणाचा जीव राखते, तिला आपल्या आरामाखाली घालू नका. घातलीत, तर एवढं ध्यानात ठेवा की सरकायचं कसं ते मी शिकलो आहे.