दृष्ट लागू नये म्हणून

ज्या घरात बारावीचं मूल असतं त्या घरातली आई खरं बोलत नाही, हे इजिप्तमधल्या आमच्या दमिएत्ता शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मुलगा पहाटेपासून गणितं सोडवत असला तरी आई जिन्यात सांगते, "कसला अभ्यास अन् कसलं काय! पालथा पडून मोबाइल बघतोय." ऐकणारीही गंभीरपणे मान हलवते, कारण तिच्या घरीही तेच चाललेलं असतं. यात माणसांची फसवणूक होत नाही. फसवायचं असतं ते दृष्टीला.

या कामात मी जरा जास्तच तरबेज होते. सुंदुस माझी एकुलती एक, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. बाळंतपणात तिचा उजवा हात ओढला गेला आणि बोटं आखडली ती आखडलीच. ती डाव्या हातानं लिहिते. इतरांचं पान होतं तोवर हिच्या चार ओळी होतात. म्हणून ती अभ्यास करते तोंडानं. स्वयंपाकघरात, न्हाणीघरात येरझाऱ्या घालत स्वतःच स्वतःला शिकवते, स्वतःलाच प्रश्न विचारते आणि उत्तर चुकलं की स्वतःलाच रागावते. तिला इंजिनियर व्हायचंय. पूल बांधायचेत. दुसरं काही सुचवलं तर जेवण सोडून उठते.

आता नवऱ्याचं सांगते, म्हणजे माझं डोकं फिरलेलं नव्हतं हे तुम्हाला पटेल. त्याचं नाव शहाता, म्हणजे भिकारी. सासूबाईंची आधीची तीन बाळं दगावली, तेव्हा हा झाल्यावर त्यांनी गल्लीभर भीक मागितली आणि हे नाव ठेवलं. भिकाऱ्याकडे दृष्ट कशाला बघतेय! माणूस पंचावन्न वर्षांचा झाला, लाकडावर अशी नक्षी कोरतो की कैरोचे व्यापारी दाराशी ताटकळतात, आणि आजवर साधा खोकला नाही. मग मी कशावर विश्वास ठेवायचा?

तर आमच्या घरात सगळं चोरून चालायचं. भात भरलेलं कबूतर शिजवायचं ते खिडक्या लावून. रसायनशास्त्राचे मास्तर यायचे ते पान्यांची पेटी घेऊन, नळ दुरुस्त करणारे म्हणून. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या इन्शिराहनं त्यांना जिन्यात गाठलं आणि घरात नेऊन खरोखरचा गळका नळ दाखवला. मास्तरांनी तो दुरुस्तही केला बिचाऱ्यांनी. त्या दिवशीचा आमचा तास बुडाला.

या इन्शिराहचे डोळे निळे आणि पुढच्या दोन दातांत फट. असल्या बाईच्या नजरेबद्दल आमच्याकडे काय बोलतात ते मी इथे लिहीत नाही. तिचा मुअताजही बारावीला. आम्ही रोज जिन्यात भेटायचो.

"काय सुंदुसच्या आई, तयारी कशी आहे पोरीची?"

"कसली तयारी? गाढव आहे हो नुसती."

"आमचा त्याहून गाढव. परवा विचारलं, नाईल कुठून कुठे वाहते, तर म्हणाला, नळातून बादलीत."

"तुमच्याला निदान वाहते एवढं तरी माहीत आहे!"

मग दोघी उसासे टाकायचो आणि समाधानानं आपापल्या घरी जायचो. सुंदुस बाजूला भाजीची पिशवी धरून उभी असायची. तिच्या चेहऱ्याकडे मी कधी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

हिवाळा सरता सरता सुंदुसच्या हाताचे कागद करायची वेळ आली. असा हात असला की परीक्षेला लेखनिक मिळतो, आणि जास्तीचा वेळही. लेखनिक मात्र खालच्या वर्गातला हवा, म्हणजे त्यानं आपल्या पदरचं काही घालायला नको. त्यासाठी सरकारी दवाखान्यात समितीपुढे जायचं होतं. बिल्डिंगमध्ये मी सांगितलं, माझा गुडघा दाखवायला चाललोय. समितीच्या खोलीबाहेर बाकावर बसायला गेले, तर तिथे इन्शिराह! शेजारी मुअताज, मान खाली घालून.

"याचा दात दुखतोय," ती घाईघाईनं म्हणाली.

"माझा गुडघा," मी म्हणाले.

दातांची खोली खालच्या मजल्यावर आणि गुडघ्यांची समोरच्या इमारतीत होती. दोघींनाही ते माहीत होतं.

सुंदुसचं नाव पुकारलं. आत एक थकलेले डॉक्टर बसले होते. दाराला कडी नव्हती, ते आपोआप उघडायचं. डॉक्टरांनी सुंदुसची बोटं वाकवून पाहिली, काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "अभ्यासात कशी आहे?"

देवाशपथ सांगते, मी विचारच केला नाही. शिंक यावी तसं तोंडातून आलं.

"काय सांगू डॉक्टरसाहेब, गाढव आहे. एक अक्षर डोक्यात राहत नाही. या कानानं ऐकते, त्या कानानं सोडून देते."

डॉक्टरांनी मान वर केली. "कधीपासून?"

दाराच्या फटीतून एक निळा डोळा मला दिसत होता. "जन्मापासून," मी म्हणाले.

"बाळ, तुला काही सांगायचंय?" त्यांनी सुंदुसला विचारलं. ती फरशीकडे बघत राहिली. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला, मी तो न वाचता सही ठोकली आणि लढाई जिंकल्यासारखी बाहेर आले.

बारा दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं. त्यांच्या हातात तो कागद होता. लेखनिक नाही, जास्तीचा वेळ नाही. 'मंदबुद्धी. सोपी प्रश्नपत्रिका देण्यात यावी.'

"सोपी म्हणजे बरंच झालं की," मी म्हणाले.

"सुंदुसच्या आई, त्या प्रश्नपत्रिकेवर इंजिनियरिंगला घेत नाहीत. आमच्या शाळेत भौतिकशास्त्राला पहिली येणारी मुलगी आहे ती! आणि हे तुम्ही सही करून दिलंय?" गुरुवारी समितीची शेवटची बैठक होती. त्यानंतर याद्या बंद होणार होत्या.

घरी येऊन मी शहाताला सगळं सांगितलं. त्यानं हातातली पटाशी खाली ठेवली.

"माझ्या आईनं मला भिकारी म्हटलं ते एकदा, नाव ठेवताना. त्यानंतर मरेपर्यंत 'माझ्या राजा' अशीच हाक मारली. तू काय करतेस? रोज सकाळ-संध्याकाळ पोरीला गाढव म्हणतेस."

"दृष्टीसाठी म्हणते मी!"

"मग दृष्ट खूश असेल," तो म्हणाला आणि पुन्हा कोरायला लागला. मला त्याचा असा राग आला! खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

मी तरातरा सुंदुसच्या खोलीत गेले. "तू का गं तोंड शिवून बसलीस? डॉक्टरांनी विचारलं होतं ना तुला?"

"काय सांगणार होते?"

"की आई खोटं बोलतेय!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मला काय माहीत खोटं आहे ते? तीन वर्षं म्हणतेयस. जिन्यात म्हणतेस, भाजीवाल्याला म्हणतेस, मावशीला फोनवर म्हणतेस."

"अगं, पहिला नंबर येतो तुझा!"

"मला वाटलं, पाठांतराच्या जोरावर येतो. खरं काय ते आईला कळत असेल."

"ते लोकांसाठी होतं गं!"

"मग दार लावल्यावर कधी दुसरं काही म्हणालीस का?"

मी आठवून आठवून पाहिलं. एक तरी वाक्य सापडावं म्हणून तीन वर्षं उलटीसुलटी केली. नव्हतं. भिंतींनाही कान असतात म्हणून घरातही मी तोंडाला कुलूपच घातलं होतं. मला रडू आलं, आणि तिथे रडायचा हक्क आपल्याला नाही म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

गुरुवारी गेलो तर बाकावर पुन्हा इन्शिराह आणि मुअताज. पोराचा चेहरा उतरलेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"गेल्या वेळी तुमच्यासमोर दात म्हणाले ना," ती दात-ओठ खात म्हणाली, "मग तुम्ही बघताय म्हणून खाली न्यावं लागलं. त्या मेल्यानं चांगली दाढ उपटली माझ्या पोराची! आणि इथला नंबर गेला."

हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

डॉक्टर तेच होते, दारही तेच. त्यांनी कागद उघडला. "बाई, मागच्या वेळी जन्मापासून गाढव म्हणालात. आज अर्ज आहे की मुलगी हुशार आहे. दोन आठवड्यांत काय खायला घातलंत?"

"तशी... बरी आहे ती."

"बरी म्हणजे?"

बाहेर वीस-पंचवीस बाया माना उंचावून बसलेल्या. "म्हणजे... देवाच्या दयेनं... अगदीच गाढव नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तोच दार धाडकन उघडलं आणि इन्शिराह आत.

"खोटं बोलतेय ही, डॉक्टरसाहेब! तीन वर्षं मला बनवतेय! ही पोरगी न्हाणीघरात मोठमोठ्यानं भौतिकशास्त्र शिकवते, आणि मधल्या डक्टमधून सगळं आमच्याकडे ऐकू येतं. माझा मुअताज खिडकीखाली बादली पालथी घालून बसतो आणि वहीत उतरवून घेतो. त्याला दुसरी शिकवणीच नाही!"

"म्हणजे फुकट!" मी किंचाळले. "माझ्या पोरीच्या जिवावर!"

"फुकट कसं? तुमच्या वेळा सांभाळून आंघोळी करतो आम्ही!"

बाहेर बाया खो खो हसत होत्या. डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. "शेजारणीचं म्हणणं मला लिहिता येत नाही. गाढव म्हणून सही आईची आहे, ती आईलाच खोडावी लागेल. बोला, नाहीतर मी पुढचं नाव घेतो."

मी सुंदुसकडे पाहिलं. ती मागच्यासारखीच फरशीकडे बघत होती. पण डाव्या हातानं तिनं उजव्या हाताची बोटं घट्ट धरली होती, आणि मला कळलं की कागद मिळो न मिळो, ही पोर माझ्या तोंडातून काय येतं याची वाट बघतेय.

"लिहून घ्या," मी म्हणाले, आणि दार लावायला गेले नाही. "माझी मुलगी अख्ख्या गल्लीत सगळ्यात हुशार आहे. कच्च्या मॅकरोनीचा पूल केला तिनं दोन खुर्च्यांच्या मध्ये, आणि बापाचा लोखंडी हातोडा त्यावर ठेवून दाखवला. मोडला नाही! बापाला तो नक्षीचा वाटला. मग हिनं त्याला समजावलं, कुठली काडी ओढली जातेय आणि कुठली दाबली जातेय. वर्गातल्या मुली अडलं की मास्तरांकडे नाही, हिच्याकडे येतात. एक पान लिहायला हिला पाऊण तास लागतो, पण हात पहिल्या ओळीवर असतो तेव्हा डोक्यात ते पान लिहून संपलेलं असतं. मला ते माहीत आहे. रोज ऐकते मी स्वयंपाकघरात उभी राहून, आणि कांदा जाळते. मी भीतीनं खोटं बोलले. गाढव मी आहे, तेही लिहा."

बाहेर कुणीतरी दृष्ट लागू नये म्हणून देवाचं नाव घेतलं आणि सगळ्या बाया पुटपुटल्या. आता छत कोसळेल असं मला खरंच वाटत होतं.

डॉक्टरांनी सुंदुसला विचारलं, "कमानीचा पूल पडत का नाही?" तिनं सांगायला सुरुवात केली, आधी हळू, मग डावा हात हवेत फिरवत, आणि थांबेचना. शेवटी डॉक्टरांनीच हात जोडले. जुनी सही मी खोडली आणि त्यांनी लिहिलं: लेखनिक, आणि पेपराला निम्मा वेळ जास्त. प्रश्नपत्रिका सगळ्यांची तीच.

आम्ही बाहेर पडत होतो तर इन्शिराह सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कारकुनाला सांगत होती, "साखर आहे माझ्या पोराला! रक्तातली! परीक्षेला रस आणि पाव जवळ ठेवायची परवानगी पाहिजे. आणि दाढ परत पाहिजे!"

मिनीबस खचाखच भरली होती. आम्हाला मागे जागा मिळाली, समोर काठी घेतलेले एक आजोबा.

"आई, ते मघाशी म्हणालीस ते."

"कुठलं?"

"पानाचं."

"ऐकलंस की."

"ते तू डॉक्टरांना म्हणालीस."

मी आजूबाजूला पाहिलं. चौदा माणसं, आणि ड्रायव्हर आरशातून बघत होता. जिन्यात ज्या आवाजात गाढव म्हणायची त्याच आवाजात म्हणाले, "तुझा हात पहिल्या ओळीवर असतो तेव्हा तुझ्या डोक्यात पान लिहून संपलेलं असतं. तू फार हुशार आहेस, सुंदुस."

आजोबा वळले. "देव राखो पोरीला."

जुनी खोड एका दिवसात जाते होय? माझं तोंड आपोआप उघडलं. "पण घरात काडी हलवत नाही हो, आजोबा. कधी एक भांडं घासत नाही."

"खोटं आहे, आजोबा," सुंदुस भर मिनीबसमध्ये ताडकन म्हणाली. "भांडी रोज मीच घासते."